वैनीच्या गाडीचं इंजिन

दादाचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होतो. लकव्यापासून दादाची जीभ जड झालेली. फोनवर त्याचं निम्मं बोलणं कळतच नाही. "काय म्हणतोस? पुन्हा सांग," मी म्हणालो, आणि त्याला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं... "कांता गेली." बायको गेल्याचं माणसाला दोनदा सांगायला लावणारा भाऊ मीच. त्याला आता पाच आठवडे झाले. माझी वहिनी, आमच्या बोलीत वैनी, किडनीच्या दुखण्यानं तीन महिन्यांत गेली. तिच्याबद्दल चार शब्द लिहायला बसलो आहे. वैनीबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागणार, आणि मी पहिल्यापासून भित्रा माणूस.

आमचं भाजीपाल्याचं शेत अल्लीपूरपासून आत, नाल्यापलीकडे आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती बैलगाडीचंही चाक सोडत नाही. तोडलेली वांगी, भेंडी धुऱ्यावर, बांधावरच सडायची. दहा वर्षांपूर्वी वैनीनं गाडी घ्यायचं ठरवलं. दादा नुसता हसला. मग ती मला घेऊन पुलगावला गेली, कारण "कागदं वाचाले मास्तर पाह्यजे." तिथं एका मेस्त्रीच्या आवारात लष्करी लिलावातून सुटलेली जुनी जीप उभी होती. चारही चाकं ओढणारी, मागं मालासाठी उघडा डाला. मूळचं पेट्रोलचं इंजिन केव्हाच गेलेलं. मेस्त्रीनं भंगारातल्या मालगाडीचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं होतं. ते एवढं मोठं की बॉनेट लागायचं नाही, दोरीनं बांधलेलं. इंजिन बदलल्याची नोंद कागदावर आहे ना, हे मी तीनदा वाचून पाहिलं. मेस्त्रीनं गाडी चालू केली तशी ती हिव भरल्यासारखी थरथरू लागली आणि मी चार पावलं मागं सरलो. वैनी पुढं गेली. "एक ध्यानात ठेवजो ताई," मेस्त्री म्हणाला, "पाण्यात घातली का पाय उचलाचा नाई अन् थांबाचं तर नाईच. सायलेन्सरात पाणी गेलं का इंजिन बसलं."

उन्हाळ्यात रिकाम्या वावरात ती गाडी शिकली. शेजारी बसायला मी, सुट्टीवर आलेला. स्टिअरिंग इतकं जड की वळवताना ती अर्धी उभी राहायची, आणि मी डोळे मिटून दांडा धरायचो. एकदा न राहवून विचारलं, "वैनी, तुमाले भेव नाई लागत?"

"लागते ना भाऊजी. रोजच लागते. पण भेवानं भाजी बजारात जाते काय?"

दुसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, मी घरी गेलो होतो. सकाळी शेतात दादाचं तोंड एकाएकी वाकडं झालं आणि तो वाफ्यातच कोसळला. आम्ही दोघांनी त्याला उचलून डाल्यात निजवलं. नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या फरशीपुलावरून, गुडघाभर गढूळ पाणी वाहत होतं. रपट्याला कठडा नाही. कडा पाण्याखाली गेलेली. वैनी म्हणाली, "भाऊजी, काठी घेऊन पुढं चला. तुमच्यामागं मी गाडी आणतो. पण थांबू नोका. काई झालं तरी थांबू नोका."

मी निघालो. पाठीमागं दोन हातांवर ते इंजिन धडधडत होतं, समोर पाणी. निम्म्यात आलो आणि काठी टेकली तिथं तळच लागला नाही. कडेचा दगड निघाला असेल, बाजूनं दोन पावलांवर वाट असेल... मला काही सुचलं नाही. मी थांबलो. वैनीपुढं दोनच वाटा होत्या, मला चिरडायचं किंवा ब्रेक दाबायचा. तिनं ब्रेक दाबला. इंजिन दोनदा खोकललं आणि बसलं.

मग ती गुडघाभर पाण्यात उतरली. डाल्यात दादा घोरल्यासारखा आवाज करत होता. पलीकडून ट्रॅक्टर येऊन आम्हाला ओढेपर्यंत तासाच्या वर गेला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, एवढा उशीर कसा झाला? मी भिंतीकडे पाहत होतो. वैनी म्हणाली, "गाडी बंद पडली."

एवढंच. दादाची उजवी बाजू गेली. पुढं गावानं विचारलं, पाव्हण्यांनी विचारलं, तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. लोक हसले. भंगाराचं इंजिन घेतलं, नवरा लुळा करून बसली, म्हणाले. दादा तर रोज ओट्यावरून त्या गाडीला शिव्या घालायचा, आणि ती त्याच गाडीत भाजी भरून बाजारात जायची. मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. मीही कधी विषय काढला नाही. दरवेळी घरी जाताना वाटायचं, ती आज सांगेल, आज सांगेल. तिनं सांगितलं नाही. शेवटी दवाखान्यात मी तिचा हात धरला तेव्हाही ती म्हणाली, "भाऊजी, जेवले काय?"

मागच्या आठवड्यात कळलं की दादानं भंगारवाला बोलावलाय. मी पहिल्या बसनं गेलो. दादा गाडीजवळ खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. गाडी बंद पडली नव्हती दादा, मी थांबलो होतो.

त्यानं एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तो अडखळत म्हणाला, "नऊ वर्सं... तिच्यासमोर मी शिव्या देल्या वसंता. अन् ते आयकत राह्यली..." माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. अजूनही पाहत नाही.

भंगारवाला आला तसा परत गेला. दादानं मला नुसता हात केला, गाडीत बसव असा. मी त्याला तिच्या सीटवर चढवलं. वैनी बुटकी, समोरचं दिसावं म्हणून तिनं सीटवर पोत्याची चौपदरी घडी घातलेली होती. दादा उंच. त्याचं डोकं टपाला लागलं. घडी काढायला मी हात घातला.

"राहू दे," तो म्हणाला, आणि मान वाकवून तसाच बसून राहिला.