पाठमोऱ्या बायका

बाई समोर उभी राहिली की तिला लुगडं कसं नेसवायचं, हे कुसाबाई तिच्या चालीवरूनच सांगायची. पंचवटीत भाजी विकता विकता तिने लग्नाकार्यांत, मिरवणुकांत शेकडो पोरी नेसवल्या होत्या. वाड्यात बसणारीचं लुगडं वेगळं, मळ्यात वाकणारीचं वेगळं आणि डोंगर चढणारीचं तर त्याहून वेगळं: गुडघ्याच्या वर, कमरेला करकचून. बाजारात मिळणारी शिवलेली तयार नऊवारी पाहिली की तिचं डोकं सणकायचं.

म्हणूनच महाराजांवरच्या सिनेमाचं शूटिंग त्र्यंबकच्या बाजूला होणार आणि नेसवायला बाई हवीय असं कळलं, तेव्हा ती हरखून गेली. गडाखालच्या बायका डोक्यावर धान्याच्या पाट्या घेऊन वर चढतात, असा एक प्रसंग होता. कपड्यांचं बघणारी मुंबईची मनाली तिला म्हणाली, मावशी, डोंगरातल्या खऱ्या बायका मिळतील का? मिळतील का म्हणजे काय! हरसूलच्या लंकाबाईकडून कुसाबाई वीस वर्षं नागली आणि रानभाज्या घेत होती. तिने लंकाबाईला शब्दच देऊन टाकला, की महाराजांच्या सिनेमात तुम्ही दिसणार. लंकाबाई बारा जणींना घेऊन आली. सगळ्या आपापल्या लुगड्यांत, डोक्याला तेल, चापून भांग.

आणि तिथे बघतात तर काय, शहरातून कॉलेजच्या पोरींची गाडी आलेली! डायरेक्टरने हरसूलच्या बायकांवर एक नजर टाकली आणि मनालीला बाजूला घेतलं. मनाली परत आली ती खाली मान घालून. चेहरे पोरींचे घ्यायचे ठरले होते. प्रेक्षकांना बघायला बरं वाटलं पाहिजे ना! मग मेकअपवाला त्या गोऱ्या गालांना तपकिरी रंग फासायला बसला. चार हातांवर लंकाबाई दगडावर बसून ते कौतुकाने बघत होती.

कुसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उन्हात रापलेली खरी तोंडं इथं बसलीत, आन तुम्ही रंग फासताय?" तिने दबक्या आवाजात मनालीला विचारलं.

"मावशी, मलाही पटत नाही," मनाली म्हणाली. "पण माझं ऐकतंय कोण?"

तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण काम अंगावर घेतलेलं, म्हणून कुसाबाई धुसफुसत पोरींना नेसवत राहिली. नेसवलं अगदी पद्धतशीर. पण लुगडं नेसवलं म्हणून कुणाला डोंगर चढता येतो होय? दहा पावलांत पहिली पाटी पडली, एक पोरगी घसरली, दुसरी रडायला लागली. मग डायरेक्टरने तोड काढली. पोरींचे चेहरे खाली सपाटीवर घ्यायचे, चढताना हरसूलच्या बायका, आणि त्याही पाठीमागून.

भर दुपारी त्या सहा वेळा चढल्या. पाटी कुणाचीच हलली नाही. खाली आल्यावर लंकाबाईने विचारलं, समोरून कधी घेणार? आता तरी सांगून टाकायचं की नाही! पण कुसाबाईची जीभ रेटेना. घेतील नंतर, असं काहीतरी ती पुटपुटली आणि स्वतःवरच चिडली.

सिनेमा लागला तेव्हा लंकाबाई पाच जणींना घेऊन एसटीने नाशिकला आली. आता कुठे तोंड लपवणार? कुसाबाई त्यांच्याबरोबर थिएटरात जाऊन बसली.

तो प्रसंग आला. पडदाभर भेगाळलेल्या टाचा खडकावर चढत होत्या. बायका एकमेकींना कोपराने ढोसत हसल्या. टाच लंकाबाईची होती, त्यांनी बरोबर ओळखली. मग चेहरा आला. तपकिरी रंगाचा, वरून पाण्याचे थेंब मारलेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुसाबाईला वाटलं, उठून ओरडावं, पण ओरडून सांगणार कुणाला?

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. या सहा जणी मात्र पांढऱ्या पडद्याकडे बघत बसून राहिल्या.

"आमची तोंडं यायची हायेत ना अजून?" लंकाबाईने विचारलं.

"नाय येणार," कुसाबाई म्हणाली. "घेतलीच नव्हती. मला तवाच ठावं होतं."

लंकाबाई पदर सावरून उठली.

"त्याच दिशी सांगायचं व्हतंस," ती म्हणाली. "पाट्या तिथंच ठेवून घरी गेलो असतो आम्ही."