इंजिन गायला लागलं की...

या सदरातले अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचते. मागं वळून बघू नका, हाक आली तर ओ देऊ नका... नातीला मोठ्यानं वाचून दाखवते आणि आम्ही दोघी खिदळतो. त्यामुळं आज मीच इथं लिहायला बसलेय, याचं सगळ्यात जास्त हसू मलाच येतंय.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि जगातली सगळी अक्कल माहेराहून गाठोड्यात बांधून आणल्यासारखी वागायची. खाली सासऱ्यांचं मोटारसायकलींचं गॅरेज, वर घर. सासूबाई शनिवारी गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची बांधायच्या. रविवारी मी ते लिंबू काढून सरबत करायचे. एकदा सापडले.

"आगं, दाराचं लिंबू पिती व्हय गं तू? भूत लागलं म्हंजे?"

"लागलं तर त्यालाबी अर्धा गलास देईन की."

अशी मी. ती पोरगी आज रस्त्यात भेटली तर कान पिरगाळीन तिचा.

स्वयंपाकघरापेक्षा मला गॅरेजातच करमायचं. मला तिथं शिकवलं माझ्या दिरानं, सुधाकर भावजींनी. आडदांड माणूस, हात म्हणजे फावडी, आणि पंजा लढवायचं भारी वेड. गाडी दुरुस्तीला आणणाऱ्याला आधी बाकड्यावर बसवणार, पंजा लढवणार, हरवणार, मग गाडीला हात लावणार. एकदा मी — मोठी वाघीण — त्यांच्यासमोर कोपर टेकवून बसले.

"वहिनी, उठा. मोडंल."

"मोडून तर दाखवा."

दाखवलं की. कट्‌ असा आवाज झाला. उजवं मनगट, पिळून मोडलेलं. सासूबाईंनी भावजींना लाटण्यानं इतकं बडवलं की लाटण्याचे दोन तुकडे झाले, त्यांचं कपाळ फुटलं, आणि मी मोडका हात धरून रडता रडता हसत होते. मूर्खपणाला सीमा असते म्हणतात. माझ्याला नव्हती.

आता थोडं कार्बोरेटरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाची दाई. हवा आणि पेट्रोल मिसळून पाजते. त्याला एक स्क्रू असतो. बाहेर सोडला की पेट्रोल जास्त, आत आवळला की कमी. जास्त झालं तर इंजिन खोकतं, धूर काढतं, जड पळतं. आणि आमच्या तेव्हाच्या गाड्यांसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलही पेट्रोलातूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी. आतून कोरडं पडायला लागतं. आणि गंमत बघा... कोरडं पडता पडताच ते सगळ्यात गोड गातं. बारीक, वर वर चढत जाणारा सूर. वेगही तेव्हाच सगळ्यात जास्त. त्यानंतर पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक जागच्या जागी गच्च.

भावजींनी एका सकाळी कुणाशी तरी अक्कलकोट रोडला शर्यत लावली आणि स्क्रू स्वतःच आत घेतला. मी दारात उभी. "काय गातीय हो गाडी!" म्हणाले, कौतुकानं. मला वाटायचं, गाणं म्हणजे तब्येत.

शहराबाहेर गेल्यावर चाक गच्च झालं. गाडीनं त्यांना उचलून डांबरावर आपटलं आणि मागून ट्रक आला. पुढचं लिहीत नाही. गाडी गॅरेजात आणली तेव्हा चेनच्या कड्याकड्यांत रक्त वाळून बसलं होतं. ते रॉकेलनं मी धुतलं. त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी धाकट्या भावाचं नाव तोंडातून काढलं नाही. म्हातारे झालो आम्ही, पण एकदाही नाही.

आता अलीकडचं. माझी नात ऐशू इंजिनीअरिंगला आहे. कॉलेजच्या पोरांनी मिळून एक रेसिंग कार्ट बनवली. कार्ट म्हणजे चार चाकांवरची चौकट. छप्पर नाही, दारं नाहीत, बूड जमिनीपासून वीतभर वर आणि उजव्या कुशीला टू-स्ट्रोक इंजिन. चालवायला ऐशू, आणि कार्बोरेटर लावायला, हसू नका, मी. तिची मित्रमंडळी लॅपटॉप घेऊन बसतात. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून बसते.

तुम्ही म्हणाल, कार्बोरेटर भावजींच्या गाडीचा असणार. इथं असंच असतं ना? नाही हो. हा नवाकोरा, खोक्यातून आलेला. भावजींची गाडी भंगारात जाऊन कधीच वितळली.

शर्यत होती बार्शी रोडला, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात. एप्रिलमधली दुपार, काँक्रीट तव्यासारखं तापलेलं. सरळ लांब पट्टा, आणि त्याच्या टोकाला, वळणाच्या बाहेरच, गिरणीचा जुना सिमेंटचा हौद. पुढं टायरची एकच रांग. तो हौद बघूनच मी ऐशूला दोन गोष्टी बजावल्या. स्क्रूला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कारण या वेगात मागची चाकं गच्च झाली तर कार्ट वळणार नाही, सरळ हौदावर जाईल. आणि पट्टा संपता संपता उजवा हात मागं नेऊन कार्बोरेटरच्या तोंडावर क्षणभर तळवा ठेवायचा. हवा अडते, पेट्रोल-ऑइलचा एक घोट जास्त जातो, पिस्टन ओला राहतो. हवेचा फिल्टर काढलेलाच होता, तोंड उघडं.

"आज्जी, तेवढ्यात रोहन पुढं जाईल ना."

रोहन म्हणजे दुसऱ्या कॉलेजचा पोरगा. सकाळच्या फेरीत त्यानं हिला मागून दोनदा ठोकलं होतं. दुसऱ्यांदा ही गरगर फिरून गवतात गेली. फेरी संपल्यावर ऐशू सरळ त्याच्या तंबूत गेली आणि हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. नाकातून रक्ताची धार. त्यानं हिची कॉलर धरली. मग मी गेले, सतरा नंबरचा पाना घेऊन. "सोड. नाहीतर तुझे बोल्ट ढिले करीन." सोडली. परत आल्यावर ऐशूनं हेल्मेट कार्टमध्ये आपटलं.

"मला तो मागं पाहिजे, आज्जी. बास. आणि हे इंजिन खोकतंय. लाज वाटते."

"खोकू दे. खोकणारं म्हातारं जितं असतं. माझ्याकडं बघ."

ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटची फेरी सुरू झाली. आमचे हे शेडखाली खुर्चीत चहाचा कप घेऊन बसलेले, मी कठड्याला. रोहन हिच्या मागं चिकटलेला, लोखंडावर लोखंड घासत. पट्ट्यावर आल्यावर ऐशूचा उजवा हात मागं गेलेला मला दिसला. शहाणी झाली, तळवा ठेवतेय, असं वाटलं. पण हात तोंडावर गेला नाही. स्क्रूवर गेला.

खोकला थांबला. इंजिन गायला लागलं.

तोच सूर. बारीक, गोड, वर वर. आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवायला लागली. रोहन मागं पडला. माझ्या मागं कप फुटल्याचा आवाज आला. बघितलं तर आमचे हे उभे होते. गुडघे दुखतात म्हणून देवळातसुद्धा न उठणारा माणूस ताठ उभा. हौद समोर येत होता आणि सूर चढत होता. मी ओरडले असणार, कारण नंतर दोन दिवस घसा बसला होता.

...आणि सूर तुटला. कुणीतरी गळा दाबावा तसा. इंजिननं गचका खाल्ला, निळ्या धुराचा लोट सोडला आणि मेलं. कार्टचा वेग एकदम पडला आणि मागून येणारा रोहन तिच्यावर आदळला. ऐशूची कार्ट आडवी फिरली, टायरच्या रांगेत कुशीवर घुसली आणि तिच्या अंगावर उलटली. हौद पुढंच राहिला.

मी पोचेपर्यंत रोहननंच कार्ट उचलली होती. नाक पुन्हा वाहत होतं, रक्त तिच्या अंगावर ठिबकत होतं. ऐशू किंचाळत होती, पण बरगड्या धरून नाही. उजवं मनगट धरून.

"कुणी धरला माझा हात? आज्जी, कोण होतं?"

"कुणी नव्हतं गं."

"मी नाही ठेवला हात. मी स्क्रू अजून आत घेत होते. कुणीतरी मनगट धरलं... ओढलं... दाबून ठेवला कार्बोरेटरच्या तोंडावर. मला सोडवेना."

दवाखान्यात हातमोजा कापून काढला. तळव्यावर लालभडक गोल वळ — कार्बोरेटरच्या तोंडाएवढा, तंतोतंत. आणि मनगटाभोवती चार रुंद वळ, खालून एक. डॉक्टर हाडाचा फोटो बघून आमच्याकडं वळले.

"हे पडून मोडलेलं नाही. पडल्यावर वेगळं मोडतं. हे पिळून मोडलंय. मारामारी झाली का कुणाशी?"

सगळ्यांनी आमच्याबरोबर आलेल्या रोहनकडं बघितलं. बिचारा पांढराफटक पडला. सकाळची मारामारी सगळ्यांनी बघितली होती. पण तो मागच्या कार्टमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर. एका पोरानं मोबाइलवर शूटिंग केलं होतं, त्यातही तेच दिसत होतं. आणि ऐशूच्या शेजारी कुणीच नव्हतं. नुसता तिचा हात झटका बसून ताठ होताना दिसतो.

माझं स्वतःचं उजवं मनगट मी पदराखाली झाकलं. का, ते माहीत नाही. तिचंही हाड बरोबर त्याच जागी मोडलं होतं.

आमचे हे कॉटजवळ बसले. त्यांनी आपला हात ऐशूच्या वळांवर अलगद ठेवून बघितला. वळ मोठे होते. मग हळू आवाजात, समोर कुणी बसल्यासारखं म्हणाले,

"सुध्या, दमानं की रं. पोरगी हाय ती."

पुढच्या आठवड्यात मी इंजिन खोललं. प्लग पेट्रोलनं चिंब, काळा, म्हणजे तोंड दाबलेलंच होतं. आणि पिस्टनवर उभ्या ओरखड्यांच्या ताज्या रेघा. म्हणजे तो जाम व्हायला लागला होता. अजून जरासं गायलं असतं तर चाकं गच्च झाली असती, हौदासमोर.

ऐशू इंजिनीअर आहे, तिच्याकडं उत्तर तयार. "हात घसरला, इंजिननं तळवा ओढून धरला, मागून धक्का बसला आणि मनगट पिळलं गेलं."

"इंजिन आधी मेलं, धक्का नंतर. आणि बोटांचे वळ?"

"सीटचा पट्टा घासला असेल."

"कार्टला पट्टा असतो?"

"...नसतो."

आजपर्यंत त्याच्या पुढं आम्ही गेलेलो नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर कळवा. भूत म्हणू नका तेवढं. मला अजूनही हसू येतं त्या शब्दाचं.

आणि ज्यानं माझं मनगट निव्वळ मस्तीत मोडलं, त्याला कुणाला वाचवतानासुद्धा दुसरी रीत सुचू नये, याचा मला अजून राग येतो.

दाराला लिंबू मी आजही बांधत नाही. रविवारी सरबत करते. हल्ली अर्धा ग्लास जास्त होतो. तो खाली गॅरेजातल्या बाकड्यावर ठेवते. संध्याकाळपर्यंत रिकामा असतो. आमचे हे पीत असतील.

विचारलं नाही मी.