एकटीचा प्रवास, बापासकट

मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी नागपूरला गेले, तेव्हा आम्ही दोघं होतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही उमरेडचे विणकर. मी विशीतली, जन्मापासून आंधळी. पांढरी काठी वापरायला शिकले होते आणि त्या जोरावर गावातल्या सगळ्या खांबांशी ओळख करून घेतली होती (काहींशी कपाळानं). अशात निरोप आला : नागपूरला, धंतोलीच्या दवाखान्यात वहिनीला मुलगा झाला! मी जाहीर केलं, "मी जाते. एकटी!"

बाबांच्या मागाची खटखट थांबली. "एकटी? अन् हरपली त मंग?"

"विचारीन कोणाले. तोंड आहे न मले!"

"त्याचंच त भेव आहे," आई म्हणाली.

दिवसभर भांडण झालं. शेवटी बाबा म्हणाले, "जाय बाप्पा! तुही शपथ, मी मागावरून हलत नाही."

दुसऱ्या दिवशी मी थाटात एसटीत चढले. "सोबत कोणी नाही!" हे कंडक्टरला अशा आवाजात सांगितलं की ड्रायव्हरलाही कळावं. मागच्या सीटवर बाबा दुपट्ट्यात तोंड लपवून बसले होते, हे मला काय माहीत! (माझ्या कानांची मी फार बढाई मारत असे, पण शेजारी कोंबड्यांची टोपली होती. त्यापुढे कोणाचे कान चालतील?)

नागपूरच्या स्टँडवरून मी वाट विचारत धंतोलीच्या रस्त्याला लागले. टक टक, टक टक. मी थांबले की बाबा थांबायचे. मी वळले की ते झाडामागे! एका पानठेलेवाल्यानं हा प्रकार पाहिला आणि बाबांची कॉलर धरली.

"काहून गा बुढ्या, आंधळ्या पोट्टीच्या मागं मागं फिरून राहिला?"

बाबा गप्प. बोलले तर मी आवाज ओळखणार! त्यांची चुप्पी पाहून लोकांची खात्रीच पटली. गर्दी जमली. पानठेलेवाल्यानं मला हाक मारली.

"बाई, तुमच्यासोबत कोणी आहे का?"

"कोणीच नाही!" मी अभिमानानं म्हणाले.

"हा बुढा तुमचा पिच्छा करून राहिला. तुमच्या घरचा त नाही?"

"छे! घरचे सगळे उमरेडले आहेत. सोडू नका त्याले!" असं म्हणून मी काठी फिरवली. ती नेमकी नडगीवर बसली.

"अवं माय वं! कुसुम, मी आहो न वं! तुहा बाप!"

"बाबा?"

पानठेलेवाला गोंधळला. "पक्का बाप आहे न? नाही त ठाण्यात नेतो."

मी जरा विचार केला (इतका राग आला होता!). मग म्हणाले, "बापच आहे. सोडा."

बाबा लंगडत जवळ आले. आता रागावतील असं वाटलं, तर त्यांचा आवाज भरून आलेला. "स्टँडपासून पाहून राहिलो वं. एकदाही अडखळली नाही तू. सायकलवाले तुले रस्ता देत होते, अन् मलेच एक ठोकून गेला!" एरवी ते माझं कोपर घट्ट धरून मला ओढत न्यायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाल. तूच ने मले."

मी नेलं! दवाखान्याच्या दारातच बाबांनी सिस्टरला थांबवलं. "माही पोरगी उमरेडवरून एकटी आली!"

"अन् तुम्ही?"

"मी? मी आपला असाच!"

माझी मान अशी ताठ झाली की खोली कोणती, हेही मी विचारलं नाही. बाळाचा आवाज आला, त्या दारातून शिरले, पाळण्यावर वाकले आणि इवल्याशा नाकावरून बोट फिरवलं. "बाबा, आपल्याच घरचं नाक!"

बाबांचे डोळे कधीचेच भरलेले, त्यांना समोरचं दिसतंय कुठं! ते म्हणाले, "हो वं! थेट माहं!"

तेवढ्यात खाटेवरून एक अनोळखी आवाज आला, "ताई, ही पोरगी आहे. अन् आमची आहे."

वहिनी शेजारच्या खोलीत होती. तरी आजही मी छातीठोकपणे सांगते : उमरेड ते धंतोली मी एकही वळण चुकले नाही. चुकलं ते फक्त बाळ!