बारा बारांचा चहा

आमच्या गिटारच्या सरांची उमेदीची वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेली. आता ते कळंब्याला घरीच क्लास घेतात. पन्नाशीला टेकलेला मी त्यांचा सगळ्यात थोरला विद्यार्थी. जॅझ ब्लूज हा अमेरिकन संगीतप्रकार त्यांनी मला दोन वाक्यांत समजावला होता : "साध्या ब्लूजच्या घरात तीन कॉर्ड ऱ्हात्यात. जॅझवाल्यांकडं येणारं-जाणारं पावणं लई."

कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेल्या सुरांची जुडी; त्या पावण्या जुड्यांशी माझं जमलं. बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा आणि ब्लूजचं एक आवर्तन बारा बारांचं, हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. "आज बारा बार झाले," असं मी आनंदाने सांगितलं, तेव्हा बायकोने आधी माझं तोंड हुंगलं.

घोडं अडलं ते सोलोवर, म्हणजे कॉर्डांवर आपली सुरावट रचून वाजवण्यावर. मी स्केलचे सूर ओळीने धरून वर चढायचो आणि त्याच जिन्याने खाली उतरायचो. सर वैतागायचे. "पाढं म्हणतायसा नुसतं. कुणाशी तरी बोला की!" रविवारी सगळे विद्यार्थी त्यांच्याकडे जमून वाजवणार होते. मला सोलो द्यायचा की नुसते कॉर्ड, ते सर शनिवारी ऐकून ठरवणार होते. जत्रेत पोराला पिपाणी हवी असते, तितका मला तो सोलो हवा होता.

शुक्रवारी संध्याकाळी पाढे घोटत बसलो होतो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "च्या घेणार काय ओ?" मी गप्प. मग जरा तापून, "च्या घेणार काय ओ?" मी तरी गप्पच. "ऱ्हाऊ द्या, मीच पिते की!"

मी ताडकन उठलो. विचारायचं, तेच चढ्या आवाजात पुन्हा विचारायचं, मग निकाल लावून टाकायचा. बारा बारांचे तीन तुकडे पडतात ते असेच! दुसऱ्या वेळी खालचा कॉर्ड बदलतो, म्हणून तोच प्रश्न तापलेला वाटतो.

"परत एकदा म्हण," मी तिला म्हणालो.

"डोस्कं फिरलंय तुमचं," ती म्हणाली. पण म्हणून दाखवलं. तिच्या आवाजाच्या चढउतारावर मी एकेक सूर बसवत गेलो. चहा तिनेच प्यायला.

शनिवारी सर कॉर्ड वाजवत होते. मी गिटारवर चहाचं विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटच्या चार बारांत तो ठसक्यातला 'की' तार ओढून सोडला.

सरांचा हात थांबला. "हे तुम्ही न्हाय बोलत. कोण हाय?"

"बायको," मी म्हणालो.

"मग उद्या वैनींना घिऊन या. सोलो त्यांचा हाय. तुम्ही नुसती गिटार धरा."