बिनजाळाची वडी

आमच्या कुरवंडे गावाहून मी निघाले त्या सकाळी जीप अंगणात हॉर्न मारत होती आणि आमची आई चुलीपुढं शेंगदाणे भाजत बसली होती. लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात तिची हयात गेली. जीव घाबरा झाला की ती काहीतरी भाजायला घेते. "अगं, विमान माझ्यासाठी थांबणार नाही!" मी ओरडले. "जरा दम धर की, गरम गरम देते," म्हणाली. आबांनी माझी बॅग टपावर चढवली, बांधलेली दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाले, "तितं लय थंडी म्हन्त्यात. खात जा." आमच्या बापाच्या तोंडून माया एवढीच बाहेर पडते. मी मात्र लोणावळा येईपर्यंत हमसून हमसून रडले.

आता मी जर्मनीत, श्टुटगार्टला. आमच्याकडच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत शिकलेलं काम इथं कामी आलं. ऑफिस, जिम, कपडे धुवायची ठरलेली वेळ आणि रविवारी प्रोटीन बार. विकतचे बार म्हणजे गोड रबर, म्हणून घरीच करते. खजूर वाटायचा, त्यात पीनट बटर, ओट्स आणि प्रोटीन पावडर मळायची, ट्रेमध्ये थापून फ्रीजमध्ये ठेवायचं. गॅस पेटवायचाच नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, एकट्या माणसाच्या स्वयंपाकघराला वासच नसतो. आमच्या घराला मात्र गुळाच्या पाकाचा वास असायचा. आई कामावरून आली की तिच्या पदरालाही तोच. त्या वासासाठी कधी कधी इतका जीव तुटतो म्हणून सांगू!

यंदा आबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं जेवणच सुटलं. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. पोटात प्रोटीन गेलं नाही तर हे अंथरूण सोडणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पावडर दुधातून दिली तर आबा थुंकून टाकत. कवळी लावत नाहीत, त्यामुळं चावायचं नाव नको. मला एकदम माझे बार आठवले. मऊ, गोड, पावडरीचा वासही येत नाही. व्हिडिओ कॉल लावून आईला सगळं करून दाखवलं.

"आन् जाळ कवा लावायचा?"

"लावायचाच नाही, आई."

"बरं," म्हणाली. त्या 'बरं'वर मी विश्वास ठेवला, मीही येडीच! फोन ठेवल्या ठेवल्या बाईनं कढई चढवली, गूळ घातला, थेंब पाण्यात टाकून पाक पारखला आणि झकास पातळ लाटून वड्या पाडल्या. कौलासारख्या कडक! आबांनी एक तुकडा तोंडात घोळवला आणि काढून ठेवला.

मी फोनवर जाम तडकले. "एवढं साधं सांगितलेलं कळत नाही का तुला?" आई हळूच म्हणाली, "आजारी मानसाला कच्चं कसं घालू गं? जाळ न्हाई लावला तर मी केलं काय त्यांच्यासाटी?"

फोन ठेवून मी भांडी घासत रडले.

चार-पाच दिवसांनी आबांचा स्वतःहून फोन आला. आवाज बारीक, पण तक्रारीचा सूर जुनाच. "तू धाडलेल्या वड्या खाल्ल्या. बऱ्या हायेत. संपत आल्यात, आनखी धाड."

मी तर काहीच धाडलं नव्हतं! तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला आणि परसात जाऊन कुजबुजली, "तुज्या मनासारखं केलं बाय. जाळ न्हाई लावला. पन माज्या हातचं कच्चं त्यांनी खाल्लं नसतं. म्हनलं, पोरीनं जर्मनीवरनं धाडलंय, तिकडं असंच खात्यात. तर दोन खाल्ल्या गं, दोन!"

हयातभर पाक पारखणारी ती बाई. नवऱ्यानं खावं म्हणून तिनं जाळही सोडला आणि आपलं नावही.

फोन परत आबांकडं गेला. "काय, धाडशील ना?"

"व्हय आबा," मी म्हणाले, "धाडते की."

आजकाल आबा काठी टेकत अंगणात येतात आणि आल्यागेल्याला आईनं केलेली वडी देतात, लेकीनं धाडलेली म्हणून. घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की पूर्वी मी कुरवंड्याचा डोंगर सांगायचे, पाऊस सांगायचे. आता एवढंच वाटतं, जिथं मी नसतानाही माझ्या नावानं कुणाच्या तरी घशाखाली घास उतरतो, ते माझं घर.