हेल्वीच्या हाताचा दांडा

ताउनो पिरिनेन एकाहत्तर वर्षांचा होईपर्यंत सडाफटिंग राहिला, यात गावातल्या मुलींचा काही दोष नव्हता. एखादी त्याच्याकडे बघून हसली, की हा मनातल्या मनात थेट लग्नापर्यंत जाऊन पोचायचा आणि तोंडाने मात्र ‘उद्या बर्फ पडेल बहुतेक’ एवढंच म्हणायचा. मुली काही दिवस बर्फाबद्दल ऐकून घ्यायच्या आणि मग एखाद्या बोलक्या माणसाशी लग्न करून मोकळ्या व्हायच्या.

तोंडात नव्हती ती सगळी अक्कल हातांत उतरली होती. कुऱ्हाडीला दांडा घालावा तर ताउनोनेच, हे आमच्या कोइवुलात आणि तळ्यापलीकडच्या दोन गावांतही सगळ्यांना मान्य होतं. बर्चचं चांगलं खोड बघून ठेवायचं, हिवाळ्यात पाडायचं, करवतीने न कापता पाचर मारून उभं फोडायचं आणि त्या फळ्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, माळ्यावर चार-चार वर्षं वाळत घालायच्या, अशी त्याची पद्धत होती. कुणी घाई केली, ओल्या लाकडाचाच दे म्हणाला, तर ताउनो त्याला उत्तर देत नसे, नुसता बघत राही. तेवढ्याने माणूस घरी जाई.

या माणसाच्या आठवड्यात एकच दिवस होता, तो म्हणजे गुरुवार. बाकीचे सहा दिवस तो गुरुवारच्या अलीकडे किंवा पलीकडे असायचा. सहा वर्षांपूर्वी हेल्वीचा नवरा ओन्नी गेला. त्याच्या दफनाला सगळं गाव आलं, सगळ्यांनी ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं, आणि जो तो आपापल्या घरी गेला. पुढच्या गुरुवारी ताउनो खांद्यावर कुऱ्हाड टाकून तिच्या अंगणात हजर झाला आणि एक शब्द न बोलता लाकडं फोडायला लागला. दोन तास फोडली. मग हेल्वीने दार उघडून ‘कॉफी झालीये’ म्हटलं. आत जाऊन त्याने कॉफी प्यायली, वेलदोड्याचे गोड पाव खाल्ले, हवेबद्दल दोन वाक्यं बोलला आणि टोपी उचलून निघाला. तेव्हापासून एकही गुरुवार चुकला नाही.

आमच्या सावो भागात माणूस कुणाकडे उगाच जात नाही. जायला कारण लागतं. करवत परत द्यायची असते, जाळं उसनं न्यायचं असतं, निदान वासरू तरी सुटलेलं असावं लागतं. विधवा बाईकडे जायचं तर कारण चांगलं दणकट हवं. लाकडांइतकं दणकट कारण ताउनोला सापडलं नसतं, कारण आमच्याकडे लाकडं कधी संपत नाहीत आणि थंडीही संपत नाही.

म्हणूनच त्या मार्चमध्ये हेल्वी बर्फावरून घसरगाडी ढकलत त्याच्या दारी आली आणि गोणपाटात गुंडाळलेली वस्तू तिने त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्याला आनंद झाला, पण तो गोणपाट सुटेपर्यंतच टिकला. आत एक कुऱ्हाड होती. लहानशी, बायकी मापाची, गंजून लाल झालेली. दांडा मुळाशीच मोडला होता आणि त्याचा तुकडा भोकात घट्ट अडकला होता.

“आईची आहे,” हेल्वी म्हणाली. “गोठ्यात सापडली, जुन्या नांदीमागे. नीट करून दे. दांडा माझ्या हाताचा हवा.”

“तुला कशाला?”

“लाकडं फोडायला. लोणी फासायला नाही.”

“लाकडं तर मी फोडतो.”

“म्हणूनच,” हेल्वी म्हणाली. पुढे काही स्पष्टीकरण दिलं नाही. आमच्याकडे ‘म्हणूनच’ हे पुरेसं उत्तर समजलं जातं.

ताउनोने कुऱ्हाड हातात घेऊन उलटसुलट केली. फार जुनी आहे, म्हणाला. लोखंड बघायला लागेल. लाकूड वाळलेलं नाही. वाळायला अजून दोन-तीन वर्षं तरी जातील.

“वर माळ्यावर अकरा फळ्या आहेत वाळलेल्या,” हेल्वी म्हणाली. “सौनात अंगावर मारायच्या डहाळ्या काढायला मागे तूच मला वर चढवलं होतंस. मी मोजल्यात.”

“त्या दुसऱ्यांच्या आहेत.”

“अकराच्या अकरा? कुणाच्या रे? गावात अकरा माणसं तरी उरलीत का कुऱ्हाड उचलणारी?”

हेल्वी घसरगाडी ढकलत परत गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो खिडकीत उभा होता. मग त्याने कुऱ्हाडीकडे असं बघितलं, जणू तिनेच काही गुन्हा केलाय.

रविवारी तळ्यापलीकडून त्याच्या बहिणीचा, लेम्पीचा, फोन आला. ती दर रविवारी फोन करायची आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची.

“म्हणजे आता तुझा गुरुवार गेला,” सगळं ऐकून ती म्हणाली.

“माझं काय जातंय? मला उलट बरंच आहे. पाठ दुखते हल्ली.”

“हो का? मग असा मेल्यासारखा का बोलतोयस? अरे, असा दांडा घाल की दुसऱ्या दिवशी मोडेल!”

ताउनोने फोन ठेवून दिला. बहीण असली म्हणून काय झालं? दांड्याबद्दल असं बोलू नये माणसाने.

पण खरं सांगायचं तर विचार त्याच्याही डोक्यात येऊन गेला होता. तो घालवण्यासाठीच की काय, सोमवारी सकाळी त्याने कुऱ्हाड कामाला घेतली. अडकलेला तुकडा काढायला शहरातले शहाणे कुऱ्हाडच चुलीत टाकतात. तुकडा जळतो, पण त्याबरोबर पोलादाचं पाणीही उतरतं, आणि मग ती कुऱ्हाड चीज कापायच्या लायकीचीही राहत नाही. ताउनोने बारीक गिरमिटाने तुकड्याला भोकं पाडली आणि बोथट छिन्नीने तो कण कण करून ठोकून काढला. अख्खी सकाळ त्यात गेली. गंज तेलाने भिजवून घासला. खालून काळंभोर लोखंड निघालं, त्यावर लोहाराचा अर्धवट पुसलेला शिक्का, आणि पात्याची कड अशी सरळ, की ताउनो स्वतःशीच ‘वा’ म्हणाला. सकाळपासून उच्चारलेला हा त्याचा पहिला शब्द होता.

आता दांडा. इथे पंचाईत होती. दांड्याची जाडी हाताच्या मापाने ठरते आणि लांबी काखेपासून मुठीपर्यंत. पुरुष गिऱ्हाइकाचा हात ताउनो सरळ ओढून घ्यायचा, भोवती दोरी गुंडाळायचा, काम खलास. पण हेल्वीचा हात? शाळेत असताना, नाताळच्या खेळात, गोल फेर धरताना तो एकदा धरला होता. त्याला आता साठ वर्षं झाली होती आणि त्या हाताबद्दल ताउनोला अजून बरंच काही आठवत होतं, फक्त माप आठवत नव्हतं.

गुरुवारी तो नेहमीप्रमाणे गेला, लाकडं फोडली, कॉफीला बसला. हेल्वी भट्टीतून पाव काढायला वळली, तेवढ्यात याला शेगडीवरच्या तारेवर वाळत टाकलेले लोकरीचे हातमोजे दिसले. याने एक खाली ओढला, खिशातला कागद काढला आणि पेन्सिलने त्याभोवती रेघ मारली. एकाहत्तर वर्षांचा हा माणूस चोरासारखा तिच्या पाठीवर नजर ठेवून होता. हेल्वी वळली तेव्हा मोजा तारेवर होता आणि ताउनो कॉफीकडे एकटक बघत होता.

“कपात काही पडलं का?” तिने विचारलं.

“नाही. हवा बदलेल म्हणतो.”

त्या कागदावरून त्याने दांडा केला. माळ्यावरची सगळ्यात चांगली फळी काढली, जी तो तीन वर्षं कुणालाच देत नव्हता. दोन मुठींच्या सुरीने तासली, कानशीने गोल केली, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केली. दोन आठवड्यांनी हेल्वी आली. दांडा नुसताच तिच्या हातात दिला, पातं अजून बसवलं नव्हतं. तिने मूठ आवळली. बोटं पुरेनात. तिने पुन्हा आवळून बघितली.

“ताउनो, हा दांडा आहे की कुंपणाचा खांब?”

“तुझ्याच मापाचा आहे,” तो ठामपणे म्हणाला. कामाबद्दल बोलताना तो कुणाला घाबरत नसे.

“माप कधी घेतलंस माझं?”

हेल्वी कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभी राहिली. वाट बघण्यात आमच्याकडे बायकाच जिंकतात. शेवटी ताउनोने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. हेल्वीने तो पाहिला, त्यावर आपला हात ठेवला. हात आणि रेघ यांच्यामध्ये सगळीकडून बोटभर जागा उरली.

“हा ओन्नीचा मोजा आहे,” ती म्हणाली. “मी माझ्या मोज्यांवर चढवते ते, बर्फ उपसताना.”

आणि मग ती हसायला लागली. बाकावर बसली, तरी हसत होती. डोळे पुसले, ताउनोच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. ताउनोचे कान असे लाल झाले की त्यांच्यावर कॉफी उकळली असती. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. पण मार्चमध्ये आमची जमीन दगडासारखी गोठलेली असते.

हसणं ओसरल्यावर हेल्वीने बाही वर केली आणि हात टेबलावर पालथा ठेवला. “घे माप. चावत नाही.”

ताउनोने दोरी घेतली. तळव्याभोवती गुंडाळली, गाठ मारली. मग तिने हात लांब केला, त्याने काखेपासून मुठीपर्यंत दोरी धरली, दुसरी गाठ मारली. दोन मिनिटांचं काम, पण त्याला पुरी दहा मिनिटं लागली, आणि हेल्वीने एकदाही ‘आटप’ म्हटलं नाही. तिचा तळवा खरबरीत होता, करंगळी जराशी वाकडी. हे दोरीवर लिहायची काही सोय नव्हती, पण ते त्याच्या लक्षात राहिलं.

नंतर धार लावली. फिरत्या दगडाला दोन माणसं लागतात. हेल्वीने दांडी फिरवली, ताउनोने पातं धरलं, पाणी ठिबकत राहिलं. तासभर ते असंच चाललं. इतकी छान दुपार आपल्या आयुष्यात कधी गेली होती हे ताउनो आठवून बघत होता. आठवेना.

ती गेल्यावर मात्र त्याला वस्तुस्थिती दिसली. एक चूक झाली होती, त्या चुकीने नवा दांडा होईपर्यंतचे दोन गुरुवार मिळवून दिले होते. आणखी एक चूक केली तर? दांडा दोन बोटं लांब ठेवला तर? तोल जाईल, खांदा दुखेल, आठ दिवसांत ती कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवेल आणि म्हणेल, ताउनो, तूच ये बाबा. कुणाला कळणारही नाही. त्याने फळीवर दोन बोटं लांब खूण केली आणि करवत हातात घेतली. मग ती वाकडी करंगळी त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने ती खूण काचेने खरवडून काढली आणि दोरीच्या गाठीशी नवी केली. लबाड दांडा करायला हात तयारच होईनात, आणि त्यांच्याशी भांडायचं ताउनोच्या जिवावर आलं.

दुसरा दांडा पहिल्याहून सुरेख झाला. करंगळीखाली त्याने केसभर जास्त उतार दिला. भोकात बसवून कोरड्या पाइनची पाचर ठोकली, जवसाचं तेल तीनदा पाजलं. कुऱ्हाड न्यायला आलेल्या हेल्वीने त्याच्या अंगणातल्या ठोकळ्यावर एक ओंडका उभा केला, एक घाव घातला, आणि दोन फाका दोन बाजूंना पडल्या.

“आईगं,” ती हळूच म्हणाली. कुऱ्हाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चला, लाकडांची तुझी काळजी मिटली.”

“मिटली,” ताउनो म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. तो ते बोलला नाही, पण वाटलं हे खरं आहे, आणि ते मी त्याच्या वतीने इथे सांगून टाकतो.

गुरुवार आला. ताउनोने सकाळी दाढी केली, सवयीने. मग कुठे जायचं नाही हे आठवलं, तेव्हा अर्धी दाढी झालीच होती म्हणून उरलेली पुरी केली. दुपारी स्वतःची कॉफी केली. ती वाईट नव्हती. तिच्यात काही कमी आहे म्हणून त्याने आणखी एक चमचा पूड टाकली, आणि मग ती खरोखरच वाईट झाली. दोन वाजले. सव्वादोन. फोन वाजला.

“आला का नाहीस?” हेल्वी.

“अगं, कुऱ्हाड आहे ना आता तुझ्याकडे.”

“आहे.”

“चालत नाही का नीट?”

“चालते की. सोमवारपासून फोडतेय. या आठवड्याची झाली, पुढच्याची पण रचून ठेवली.”

“मग मी येऊन करू काय?”

त्यावर हेल्वी बोलायला लागली, आणि सहा वर्षांत ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती.

“सहा वर्षं झाली, ताउनो. दोन तास तू माझ्या अंगणात आणि वीस मिनिटं माझ्यापुढे. मी आपली खिडकीतून तुझी पाठ बघते, पाव जळू नयेत म्हणून धावते, आणि तू आत येतोस तो दमून. एक पाव खातोस, हवा सांगतोस, की उचलली टोपी. मी म्हटलं, ही लाकडंच संपवावीत आधी. कुऱ्हाड काय हौस म्हणून मागितली मी? या वयात?”

ताउनोने फोन ठेवला, टोपी घातली, आणि निघाला. पाऊण वाटेवर त्याच्या लक्षात आलं की खांद्यावर कुऱ्हाड नाही, हातात करवत नाही, परत द्यायला जाळंसुद्धा नाही. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. एकदा खिशात घातले, एकदा पाठीमागे धरले, आणि तसाच तो तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

दार उघडलं. पावांचा वास आला.

“माझं इथे काहीच काम नाहीये,” ताउनो म्हणाला.

“मग आत ये,” हेल्वी म्हणाली.