इंगोले सरांचे सातवे उपकरण

या गौरवग्रंथाच्या कच्च्या छपाईत एक वाक्य आहे : "सुरुवातीला सरांच्या घाईमुळे त्यांच्या संशोधनाचे एक वर्ष वाया गेले." हे वाक्य खोटे आहे. घाई सरांची नव्हती. मी संपादकांना फोन करून तसे सांगितले. ते सरांचे विद्यार्थी आणि माझेही. ते म्हणाले, "बाई, मग खरं काय ते तुमीच लिहा. आठ दिवसांत पानं छापाले जातात." म्हणून लिहीत आहे. एरवी मी अशा लेखनापासून लांबच राहते.

श्री. देविदास इंगोले सर वाशीमच्या आमच्या तंत्रशाळेत कार्यशाळेचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. वाशीम अजून जिल्हा झाले नव्हते. सर मूळचे कामरगावचे. मी विज्ञानाची पदवी घेऊन त्याच शाळेत आरेखन शिकवत होते, तेही हंगामी नेमणुकीवर. रोज मेडशीहून एसटीने ये-जा करत असे. माझ्या वर्गाची शिस्त अशी की रेषा सुईसारखी हवी आणि कागदावर बोटाचा ठसा दिसता कामा नये.

सरांची पहिली ओळख भांडणाने झाली. ते न विचारता माझ्या वर्गात आले आणि एका विद्यार्थ्याने काढलेले स्टुलाचे चित्र त्यांनी उचलले. चित्र उत्तम होते. सरांनी विचारले, "साजरं हाय. पन हे मोडन कुठी?" विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागला. सरांनी खिशातून लाल पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. "जिथं मोडन, तिथं फुली मार."

मी म्हणाले, "सर, माझ्या वर्गात लाल पेन्सिल चालत नाही. चित्राला डाग पडतो."

"काळेबाई, स्टूल मोडलं त बसनाऱ्याच्या कमरीले डाग पडते. त्याचं काय?"

वर्ग हसला. मी हसले नाही. पुढच्या आठवड्यात ते स्टूल कार्यशाळेत तयार झाले आणि सरांनी सर्वांसमोर त्यावर वजने रचली. स्टूल मोडले ते फुलीपासून दोन बोटे अंतरावर. सर त्या विद्यार्थ्याला म्हणाले, "दोन बोटं हुकला. पुन्हा काढ." तो विद्यार्थी म्हणजे या ग्रंथाचे आजचे संपादक. त्या दिवसापासून लाल फुलीशिवाय चित्र तपासायचे नाही, असा नियम झाला. पुढे मी निवृत्त होईपर्यंत तो पाळला.

त्या काळी विहिरीवर प्लास्टिकचे नळ नवीनच येऊ लागले होते. केनवडकडचे शेतकरी फुटलेले नळ घेऊन कार्यशाळेत येत. लोखंड जोडणारे पुष्कळ होते, प्लास्टिक नीट जोडणारे कोणी नव्हते. सरांनी हाच विषय पदवीच्या संशोधनासाठी घेतला. त्यांचे मार्गदर्शक नागपूरला होते. आमच्याकडे यंत्रसामग्री म्हणजे सहा वस्तू, आणि सरांनी त्यांना क्रमांक दिले होते. पहिले उपकरण कपड्यांची इस्त्री. तिच्यावर दोन तुकड्यांच्या कडा तापवायच्या, एकमेकींवर दाबायच्या, निवू द्यायच्या. मग तुकडा टांगून त्याला वजने लावायची आणि सांधा कितीला तुटतो ते लिहायचे.

दोन तापलेल्या कडा दाबल्या की वितळलेले प्लास्टिक बाहेर येते आणि सांध्यावर जाडसर ओठ तयार होतो. तो कानशीने हळू घासून सपाट करायचे आणि तुकड्याचे माप घ्यायचे काम सरांनी माझ्याकडे सोपवले होते. कानशीने प्लास्टिकला लव सुटते. ते मला घाणेरडे दिसे. मी पेन्सिलीला टोक करायच्या चाकूने ओठ कापून टाकत असे. एका फटक्यात साफ. सर तास आटोपून येत तेव्हा गुळगुळीत तुकडे ओळीने मांडलेले असत.

सांधे मात्र भराभर तुटू लागले. सरांनी इस्त्रीची उष्णता कमीजास्त करून पाहिली, महिनेच्या महिने. शेवटी त्यांनी नागपूरला कळवले की इतक्या उष्णतेवर हा सांधा टिकत नाही. मार्गदर्शकांनी तिकडे तेवढ्याच उष्णतेवर जोडून पाहिले, तर सांधा पक्का. त्यांचे पत्र आले : निष्कर्ष घाईचा आहे, असाच आणखी एक आला तर नोंदणी रद्द होईल. सरांनी पत्र घडी घालून खिशात ठेवले आणि तासाला गेले.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी सर मेडशीला आले. बाजारात तुळसाबाई बसत. फुटक्या बादल्या आणि डबे तापलेल्या सळईने जोडून देणे हा त्यांचा धंदा. सर अधूनमधून त्यांच्याजवळ बसून पाहत असत, हे मला तोवर माहीत नव्हते. मी भाजीची पिशवी घेऊन तिथून जात होते.

"मास्तर, आज काय मोडून आनलं?" तुळसाबाईंनी विचारले.

"सारंच मोडलं. तुमीच पाहा."

तुळसाबाईंनी तुटलेला तुकडा घेतला आणि सांध्याच्या कडेवरून नख फिरवले. "हे सुरीनं कोनं कापलं?"

"सुरी नाही. कानशीनं घासलं."

"मी का आंधळी हाओ? नख अडकून राह्यलं ना इथं. खाच पडली, म्हनून इथूनच तुटून राह्यलं. दिसाले साजरं केलं अन् त्याचा दमच काढून घेतला. मी त ओठाले हातच नाही लावत. तोच त धरून ठेवते."

सरांनी तुकडा उन्हात धरला. मला तिथून निघून जाता आले असते. सरांनी मला पाहिलेही नव्हते. मी पुढे झाले आणि म्हणाले, "सर, चाकू माझा. मी फिरवला."

तुळसाबाई हसल्या. "मास्तरीनबाई, घरी पोयीच्याही कडा कापूनच वाढता का तुमी?"

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी विचारले, "किती तुकडे?"

"सगळे."

"मंग चाकू हरवू नका. सोमवारी लागन."

सोमवारपासून आम्ही तीन गट केले : चाकूने कापलेले, कानशीने घासलेले आणि हात न लावलेले. चाकूचे सर्वांत आधी तुटत, हात न लावलेले शेवटी. सरांच्या प्रबंधात ओठाविषयी जे प्रकरण आहे आणि ज्याचे पुढे कौतुक झाले, ते या सोमवारचे आहे. त्याच्या आरंभी सरांनी तुळसाबाईंचे आभार मानले आहेत. त्याआधी त्यांनी तुळसाबाईंना शाळेत बोलावून टेबलामागच्या आपल्या खुर्चीवर बसवले आणि वर्गाला त्यांचे काम चित्रात काढायला लावले. तुळसाबाईंनी एक चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "सळई काढली, बादली काढली. माहा हात कुठी हाय?" तेव्हापासून सर चित्रात वस्तू धरणारा हातही काढायला लावत.

आता त्या वर्षाविषयी. जुनी मोजमापे बाद झाली, सगळे पुन्हा करावे लागले, त्यात वर्ष गेले. सरांनी नागपूरला लिहिलेले पत्र मी वाचले. त्यात होते : "चूक आमच्या कार्यशाळेत झाली." मी म्हणाले, "सर, यात माझे नाव नाही."

"कार्यशाळा कोनाची हाय?"

"तुमची."

"मंग झालं."

मी म्हणाले, मी स्वतः लिहिते. तेव्हा सर प्रथमच आवाज चढवून बोलले. "काळेबाई, तुमची नोकरी अजून कच्ची हाय. हे पत्र फिरत फिरत संस्थेपाशी येईन. कच्च्या सांध्यावर वजन टांगत नसतात, एवढं त शिकल्या ना?"

मी पत्र लिहिले नाही. पुढच्या वर्षी माझी नेमणूक कायम झाली. तेव्हा लिहायला हवे होते, तेही लिहिले नाही. सरांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि घाईचा ठपका त्यांच्या नावावर राहिला. आज तो छापला जात होता. माझा सांधा पक्का होऊन फार वर्षे झाली. आता वजन मी घेते.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांचे गुडघे कुरकुरतात, तरी कार्यशाळेची पायरी दिसली की ते चढतात. त्यांच्या साऱ्या सांध्यांना दम राहो, हातातली लाल पेन्सिल झिजत राहो, आणि शंभरीच्या ग्रंथात माझ्या या लेखावर त्यांनी स्वतः फुली मारावी.

संपादकांच्या हाती आज दिले ते असे :

मोजमापांची वही, एक. बाद पाने फाडलेली नाहीत.
तुकड्यांच्या जुड्या, तीन, दोऱ्याने बांधलेल्या.
कच्च्या छपाईचे पान, एक. त्या वाक्यावर लाल फुली मारून.
चाकू, एक. मुठीला सरांच्या अक्षरातील चिठ्ठी तशीच आहे : "उपकरण क्र. ७. काळेबाईंकडून. धार उत्तम."